नकाराला कारण हवे : रायपूरचे निर्वासित आणि न्यायालयाचे दार



रायपूर शहराच्या आग्नेयेस माना नावाचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे एक धावपट्टी बांधण्यात आली होती. आज त्याच परिसरात स्वामी विवेकानंदांच्या नावाचा विमानतळ आहे आणि तेथे उतरणारा प्रवासी थेट शहराची वाट धरतो. परंतु 1964 साली या माळावर तंबू उभे होते. 1963 च्या डिसेंबरअखेर श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातील पवित्र अवशेष नाहीसा झाला, त्याचे पडसाद दूर पूर्व पाकिस्तानात उमटले आणि जानेवारी 1964 मध्ये खुलना, ढाका या भागांत दंगली उसळल्या. त्यानंतर सीमा ओलांडून आलेल्या हिंदू कुटुंबांना आगगाड्यांतून रायपूरला आणून मानाच्या छावणीत ठेवण्यात आले. त्यांत नमःशूद्र शेतकरी बहुसंख्य होते. येथून त्यांना दंडकारण्यात नेऊन वसवावयाचे, अशी सरकारची योजना होती. नद्यानाल्यांच्या, भाताच्या खाचरांच्या मुलखात वाढलेल्या या माणसांना मध्य भारताच्या मुरमाड जमिनीची पहिली ओळख येथेच झाली.

न्यायालयीन पुनर्विलोकनासारख्या कायद्याच्या विषयाचा आरंभ एका छावणीपासून करण्यास कारण आहे. जिवाच्या भयाने आलेला मनुष्य राज्यसंस्थेपुढे उभा राहतो आणि आश्रय मागतो. राज्यसंस्था कधी होकार देते, कधी नकार देते, आणि पुष्कळदा काहीच उत्तर देत नाही. होकार मिळाल्यास प्रश्न उरत नाही. परंतु नकार मिळाल्यास त्याने कोठे जावे? तो नकार न्यायालयापुढे नेता येतो काय? आणि नेला तर न्यायालय त्यास काय देऊ शकते, काय देऊ शकत नाही? या प्रश्नांचा विचार ग्रंथांतील तत्त्वांवरून करता येतो, तसाच तो रायपूरसारख्या शहराच्या अनुभवावरूनही करता येतो. दुसरी वाट अधिक उपयोगाची आहे.

प्रथम नकार कसा घडतो ते पाहावे. फाळणीनंतर काही वर्षे पूर्व बंगालची सीमा पुष्कळशी मोकळी होती. ऑक्टोबर 1952 मध्ये पारपत्राची पद्धत सुरू झाली आणि त्याबरोबर स्थलांतराचा दाखला नावाचा एक कागद अस्तित्वात आला. भारतात कायमचे येऊ इच्छिणाऱ्याने ढाक्यातील भारतीय कार्यालयाकडून तो मिळवावयाचा असे. पुढे सरकारने आलेल्यांचे तीन वर्ग केले. ऑक्टोबर 1946 ते मार्च 1958 या काळात आलेले ते जुने; 1 एप्रिल 1958 ते 31 डिसेंबर 1963 या काळात आलेले ते मधले; आणि 1 जानेवारी 1964 ते 25 मार्च 1971 या काळात आलेले ते नवे. मधल्या वर्गातील लोक पुनर्वसनाच्या साहाय्यास पात्र मानले गेले नाहीत. नव्या वर्गातील लोक पात्र ठरले, पण त्यांनी पश्चिम बंगालबाहेर जाण्याचे मान्य करावयास हवे होते. म्हणजे एकाच गावातील, एकाच भयाने निघालेल्या दोन भावांपैकी थोरला डिसेंबर 1963 मध्ये आला असेल आणि धाकटा जानेवारी 1964 मध्ये, तर धाकट्यास छावणीतील तंबू मिळे आणि थोरल्यास काहीच मिळत नसे. त्या दोघांचे भय निरनिराळे होते काय, असे विचारणारे कोणी नव्हते. तारीख हेच उत्तर होते.

प्रशासनास अशा रेषा आखाव्या लागतात, हे मान्य केले पाहिजे. शासनाचा पैसा, जमीन, मनुष्यबळ यांस मर्यादा असते. परंतु रेषा आखणाऱ्याने ती कोणत्या अधिकाराने आखली आणि एखाद्या माणसास रेषेच्या या किंवा त्या बाजूस टाकताना त्याचे म्हणणे ऐकले काय, हे तपासणारा कोणी तरी तिसरा असावा लागतो. तो तिसरा म्हणजे न्यायालय. त्याच्या या तपासणीस न्यायालयीन पुनर्विलोकन म्हणतात.

येथे एक भेद नीट ध्यानात ठेवावयास हवा. कारण सामान्य पक्षकाराची निराशा पुष्कळदा या भेदाच्या अज्ञानातून होते. अपील आणि पुनर्विलोकन या दोन गोष्टी एक नव्हेत. अपिलात वरचे न्यायपीठ खालच्या अधिकाऱ्याच्या जागी बसते आणि पुराव्याचे वजन पुन्हा करते. पुनर्विलोकनात तसे होत नाही. तेथे न्यायाधीश, या माणसास आश्रय द्यावा की न देता परत पाठवावा, हा मूळ प्रश्न सोडवीत नाहीत. ते इतकेच पाहतात की, निर्णय घेणाऱ्यास तो अधिकार होता काय. त्याने संबंधित माणसास आपले म्हणणे मांडू दिले काय. जे पाहावयास हवे ते त्याने पाहिले काय आणि जे पाहू नये ते दृष्टीआड केले काय. आणि त्याचा निर्णय कोणाही समंजस माणसास अशक्य वाटावा इतका विपरीत नाही ना. यांत दोष आढळला तर निर्णय रद्द होतो आणि प्रकरण बहुधा त्याच कचेरीकडे परत जाते. तेथे पुन्हा नकारही मिळू शकतो. मात्र तो आता विचार करून आणि कारण सांगून द्यावा लागतो.

एवढ्याने काय साधते, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर रामायणात आहे. दंडकारण्याच्या नावाशी रामकथा जोडलेलीच आहे. परंतु येथे आठवावयाचा प्रसंग समुद्रकाठचा आहे. रावणाचा भाऊ बिभीषण आकाशमार्गे येतो आणि शरण मागतो. सुग्रीव म्हणतो की, हा शत्रूचा माणूस आहे, हेर असेल, याला मारावे. सुग्रीवाची शंका वावगी नव्हती. सेनेच्या सुरक्षिततेचा भार त्याच्यावर होता. पण रामाने तेथल्या तेथे आज्ञा केली नाही. त्याने अंगद, जांबवान इत्यादिकांची मते विचारली. हनुमानाने आलेल्या माणसाचा चेहरा, बोलणे, येण्याची वेळ आणि हेतू यांचा विचार करून आपले मत सांगितले आणि नंतर निर्णय झाला. बिभीषणास आश्रय मिळाला हे तर महत्त्वाचे आहेच. परंतु शंका घेणाऱ्याच्या एका शब्दावर त्याचे भवितव्य ठरले नाही, ही गोष्ट त्याहून कमी महत्त्वाची नाही.

आता भारतातील कायद्याची स्थिती पाहू. निर्वासितांसंबंधीचा 1951 चा आंतरराष्ट्रीय करार आणि 1967 चा पूरक मसुदा यांवर भारताने सही केलेली नाही. निर्वासित कोणास म्हणावे आणि त्याचा दावा कोणी, कसा तपासावा, हे सांगणारा स्वतंत्र कायदा देशात नाही. निर्वासित असो की प्रवासी, पर्यटक असो की घुसखोर, कायद्याच्या लेखी तो परदेशी नागरिकच. दीर्घकाळ हा विषय 1946 च्या परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्याने चालत असे. 1 सप्टेंबर 2025 पासून त्याची जागा आप्रवासन आणि परदेशी नागरिक कायदा, 2025 याने घेतली आहे. आश्रय मात्र धोरणाने दिला गेला. तिबेटी लोकांना सरकारने वसाहती दिल्या. छत्तीसगडच्या सरगुजा भागातील मैनपाट ही त्यांपैकी एक. श्रीलंकेच्या तमिळांसाठी तमिळनाडूत छावण्या झाल्या. अफगाण, म्यानमारी आणि इतर काही लोकांचे दावे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तांचे दिल्लीतील कार्यालय तपासते. तेथे नकार मिळाला तर त्याच कार्यालयाकडे अपील करावे लागते.

कायदा नाही म्हणून न्यायालयाचे दार बंद आहे काय? तसे नाही. राज्यघटनेचा 21 वा अनुच्छेद जीविताचे आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याचे रक्षण करतो, आणि त्यातील शब्द ‘नागरिक’ हा नसून ‘व्यक्ती’ हा आहे. 14 व्या अनुच्छेदातील समानतेची हमीही व्यक्तीस आहे. देशात राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा 19 व्या अनुच्छेदातील अधिकार मात्र फक्त नागरिकांचा आहे. या तीन अनुच्छेदांमधील ओढाताण हाच गेल्या सत्तर वर्षांतील निवाड्यांचा गाभा होय. उच्च न्यायालयात 226 व्या आणि सर्वोच्च न्यायालयात 32 व्या अनुच्छेदाखाली अर्ज करता येतो, आणि हा अधिकार राज्यघटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये एल. चंद्रकुमार प्रकरणी सांगितले.

रायपूरच्या माणसास हे दार कोठे ठोठवावे लागले, त्याचाही एक इतिहास आहे. 1936 पासून 1956 पर्यंत त्याचे उच्च न्यायालय नागपूरला होते. कारण रायपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडचा आणि नंतर जुन्या मध्य प्रदेशाचा भाग होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि न्यायालय जबलपूरला गेले. 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड राज्य निर्माण झाले आणि ते बिलासपूरला आले. ज्याच्याजवळ वकिलाची फी नाही, त्याच्या दृष्टीने या शहरांमधील अंतर हाही कायद्याचाच एक भाग असतो.

आरंभीच्या निवाड्यांत दोन प्रवाह दिसतात. 1949 च्या एका कायद्याने पाकिस्तानातून परवान्याविना आल्याचा नुसता वाजवी संशय असला तरी माणसास देशाबाहेर घालविण्याचा अधिकार सरकारला दिला होता. 1954 मध्ये मुंबई राज्याविरुद्धच्या इब्राहिम वझीर मावत प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने तो कलम भारतीय नागरिकांपुरते घटनाबाह्य ठरविले. कारण ज्याच्यावर संशय घेतला जाई, त्यास आपण निर्दोष आहोत हे दाखविण्याची संधीच त्यात नव्हती. दुसऱ्या बाजूस, 1955 मध्ये हान्स म्युलर या जर्मन नागरिकाच्या प्रकरणी त्याच न्यायालयाने सांगितले की, परदेशी माणसास बाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार निरंकुश आहे. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे हे वाटते; पण भेद नागरिक आणि परदेशी यांतला होता.

हा भेद प्रत्यक्षात किती नाजूक असतो, ते मध्य प्रदेशातील एका प्रकरणावरून कळून येते. एक दांपत्य 1950 नंतर पाकिस्तानात गेले आणि 1956 मध्ये पाकिस्तानी पारपत्रावर परत आले. मुदत संपूनही ते राहिले म्हणून त्यांच्यावर खटला झाला. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने त्यांना सोडले, आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचे अपील फेटाळले. कारण असे की, दुसऱ्या देशाचे पारपत्र घेतल्याने त्यांचे भारतीय नागरिकत्व गेले की नाही, हे ठरविण्याचा अधिकार कायद्याने केंद्र सरकारला दिला होता, आणि केंद्र सरकारने ते ठरविलेले नव्हते. पोलिसांनी ते गृहीत धरले होते. ज्याने ठरवावयाचे त्याने ठरविल्यावाचून माणसास परका म्हणता येत नाही, एवढाच या निवाड्याचा अर्थ. पण त्या घरापुरता तो सर्वस्वाचा प्रश्न होता.

1978 च्या जानेवारीत मनेका गांधी प्रकरणाचा निवाडा झाला आणि या क्षेत्रातील वारे फिरले. तेथे सरकारने पारपत्र जप्त केले होते आणि सार्वजनिक हिताच्या नावाखाली कारण सांगण्याचे नाकारले होते. न्यायालयाने सांगितले की, 21 व्या अनुच्छेदातील ‘कायद्याने ठरवून दिलेली पद्धत’ ही कशीही असून चालत नाही. ती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे. त्यानंतर आश्रयार्थींचे वकील या निवाड्याचा आधार घेऊ लागले.

त्याचे मोठे फळ 1996 मध्ये दिसले. चितगावच्या डोंगराळ भागातून 1964 मध्ये, म्हणजे माना छावणी उभी राहिली त्याच साली, चकमा लोक भारतात आले आणि त्यांना आजच्या अरुणाचल प्रदेशात वसविण्यात आले. तीस वर्षांनंतर तेथील काही संघटनांनी त्यांना निघून जाण्याची मुदत दिली. चकमांनी नागरिकत्वासाठी केलेले अर्ज जिल्हा कचेरीतच पडून राहिले. ते केंद्र सरकारकडे पाठविलेच गेले नाहीत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. सरन्यायाधीश अ. मु. अहमदी यांच्या पीठाने 9 जानेवारी 1996 रोजी आदेश दिला की, राज्य सरकारने सुमारे 65,000 चकमांच्या जीविताचे रक्षण करावे, त्यांचे अर्ज केंद्राकडे पाठवावेत आणि निर्णय होईपर्यंत कोणासही हुसकावू नये. अर्ज दाबून ठेवणे हाही एक प्रकारचा नकारच आहे आणि तोही न्यायालयापुढे येऊ शकतो, हा त्या निवाड्याचा बोध. परंतु त्याच समाजास 2015 मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा कागद किती सावकाश हलतात तेही कळले.

उच्च न्यायालये काही बाबतींत याच्याही पुढे गेली. 1994 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका इराणी माणसाच्या बाबतीत सांगितले की, उच्चायुक्तांच्या कार्यालयाने त्यास निर्वासित मानले असल्याने इराणला परत पाठविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. 1998 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने दोन इराकी नागरिकांच्या प्रकरणी असे मानले की, जेथे जिवास धोका आहे तेथे माणसास ढकलू नये हे तत्त्व 21 व्या अनुच्छेदातच सामावलेले आहे. देशाच्या सुरक्षिततेस त्याच्या राहण्याने बाधा येत नसेल तोवर ते पाळावे. 2021 च्या मे महिन्यात मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारमधून आलेल्या सात जणांना दिल्लीस उच्चायुक्तांच्या कार्यालयापर्यंत सुरक्षित जाऊ देण्याची आज्ञा केली.

तथापि दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. 1991 मध्ये लुई द राइट या बेल्जियन मिशनऱ्याच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने 21 वा अनुच्छेद परदेशी माणसासही लागू असल्याचे मान्य केले, परंतु त्यातून येथे राहण्याचा अधिकार निघत नाही, असे म्हटले. 8 एप्रिल 2021 रोजी, मूळचे नागपूरचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाने जम्मूतील रोहिंग्यांच्या अर्जावर हाच विचार पुढे नेला : हद्दपार न होण्याचा अधिकार हा देशात राहण्याच्या अधिकाराचा भाग आहे आणि तो नागरिकांचाच आहे, मात्र हद्दपारीची ठरलेली पद्धत पाळल्यावाचून त्यांना पाठवू नये. मे 2025 मध्ये एका श्रीलंकन तमिळाचा अर्ज फेटाळताना न्यायालयाने, भारत ही काही धर्मशाळा नव्हे, अशा आशयाचे उद्गार काढले. उच्च न्यायालयांची उदारता आणि सर्वोच्च न्यायालयाचा संयम यांत आज अशी दरी आहे, आणि ती भरून काढणारा कायदा संसदेने केलेला नाही.

या सर्व निवाड्यांपेक्षाही रायपूरच्या स्मरणात राहावी अशी घटना 1979 ची आहे. दंडकारण्य विकास प्राधिकरण 1958 मध्ये स्थापन झाले होते. बस्तर, कोरापुट आणि कालाहांडी या भागांत जंगल तोडून निर्वासितांना जमिनी देण्यात आल्या. त्याचे एक अध्यक्ष शैवालकुमार गुप्त यांनी पद सोडल्यानंतर या योजनेतील उणिवा लेखांतून जाहीरपणे मांडल्या. कित्येक ठिकाणी जमीन हलकी आणि पाणी अपुरे होते, आणि ज्या आदिवासींचे ते रान होते त्यांना कोणी विचारले नव्हते. 1978 मध्ये हजारो कुटुंबे दंडकारण्य सोडून बंगालकडे निघाली आणि त्यांपैकी पुष्कळांनी सुंदरबनातील मरीचझापी बेटावर वस्ती केली. विहिरी खोदल्या, शाळा काढली, मासेमारी सुरू केली. राज्य सरकारचे म्हणणे असे की, ते राखीव जंगल आहे. जानेवारी 1979 च्या अखेरीस जमावबंदीचा हुकूम काढून पोलिसांच्या नौकांनी बेटास वेढा घातला. अन्न आणि गोडे पाणी तुटले.

तेव्हा प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात गेले. बेटावर राहण्याचा त्यांचा अधिकार आहे की नाही, हा प्रश्न अवघड होता; परंतु माणसांचे पिण्याचे पाणी तोडता येते काय, हा प्रश्न अवघड नव्हता. फेब्रुवारीत न्यायालयाने अन्न, पाणी आणि औषधे यांस अडथळा करू नये असा आदेश दिला. तो आदेश नीट पाळला गेला नाही. मे महिन्यात वस्ती उठविण्यात आली, झोपड्या जाळण्यात आल्या आणि वाचलेल्या पुष्कळांना पुन्हा दंडकारण्याकडे पाठविण्यात आले. मृतांच्या संख्येविषयी आजही एकमत नाही. न्यायालयाचा कागद खरा होता. पण तो नदी ओलांडून बेटावर पोहोचविणारा हात प्रशासनाचाच असावयास हवा होता, आणि वेढाही प्रशासनाचाच होता. पुनर्विलोकनाची सर्वांत मोठी मर्यादा हीच होय.

आता आजच्या रायपूरकडे वळावे. सिंधी समाजाचा शदाणी दरबार येथे आहे. त्याचे मूळ पीठ सिंधमधील हयात पिताफी येथे होते. पाकिस्तानातून या दरबाराच्या यात्रेस लोक येतात, आणि काहींनी परत न जाता येथेच राहण्याची परवानगी मागितली आहे. अशांच्या हाती येतो तो दीर्घ मुदतीचा व्हिसा. धर्म, वंश, लिंग, राजकीय मत इत्यादी कारणांवरून छळाचे साधार भय असल्याचा दावा करणाऱ्या कोणाही परदेशी माणसाचा विचार या व्हिसासाठी करावा, अशी कार्यपद्धती केंद्रीय गृह मंत्रालयाने डिसेंबर 2011 मध्ये ठरविली. भारतातील ‘आश्रयाचा परवाना’ म्हणता येईल असा हाच एक कागद. 23 डिसेंबर 2016 च्या अधिसूचनेने देशातील 16 जिल्हाधिकाऱ्यांना पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातील सहा अल्पसंख्य समाजांच्या लोकांस नागरिकत्व देण्याचे अधिकार मिळाले. त्यांत नागपूर, मुंबई, पुणे, ठाणे यांच्याबरोबर रायपूरही होते. 2021 मध्ये दुर्ग आणि बलौदाबाजार या जिल्ह्यांची भर पडली.

या कागदाचे मोल किती, ते एप्रिल 2025 मध्ये दिसून आले. पहलगाम येथील हत्याकांडानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसे रद्द करण्यात आले. हिंदू पाकिस्तानी नागरिकांचे दीर्घ मुदतीचे व्हिसे मात्र कायम ठेवले गेले. ज्याच्या अर्जाचा निकाल वेळेवर लागला होता तो रात्री शांत झोपू शकला. ज्याचा अर्ज टेबलावर पडून होता त्याच्यासाठी प्रत्येक दिवस काळजीचा ठरला. सप्टेंबर 2025 च्या आदेशाने या सहा समाजांतील 31 डिसेंबर 2024 पर्यंत आलेल्यांना कागदपत्रांच्या अभावाबद्दलच्या शिक्षेतून सूट मिळाली आहे. या यादीबाहेरच्या माणसास मात्र व्हिसाची कार्यपद्धती आणि 21 वा अनुच्छेद एवढाच आधार उरतो.

व्हिसानंतरच्या पायरीवर, म्हणजे नागरिकत्वाच्या अर्जावर, नकार मिळाला तर काय? 1955 च्या नागरिकत्व कायद्याचे 14 वे कलम सांगते की, अर्ज मान्य किंवा अमान्य करण्याची कारणे देण्यास अधिकारी बांधलेला नाही, आणि त्याच्या निर्णयास कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही. 15 व्या कलमाखाली तीस दिवसांत केंद्र सरकारकडे फेरविचाराचा अर्ज करता येतो. वाचताक्षणी असे वाटते की, येथे न्यायालयाच्या दारास कुलूपच घातले आहे. पण साध्या कायद्यातील असे कलम राज्यघटनेने दिलेला 226 वा अनुच्छेद पुसून टाकू शकत नाही. अधिकारी कायद्याच्या कक्षेबाहेर गेला असेल किंवा त्याने मनमानी केली असेल, तर उच्च न्यायालय ते पाहू शकते. अडचण वेगळीच आहे. कारण सांगितलेच नसेल तर मनमानी झाली हे दाखवावयाचे कसे? बंद पेटीवर नुसती शंका घेता येते; दोष दाखविता येत नाही.

सुरक्षिततेचा मुद्दा आला की ही पेटी अधिकच घट्ट बंद होते. शासनाजवळ अशी माहिती असू शकते की जी उघड करता येत नाही, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु एप्रिल 2023 मध्ये एका मल्याळी वृत्तवाहिनीच्या परवान्याविषयीच्या प्रकरणी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने सांगितले की, राष्ट्रीय सुरक्षितता हे शब्द उच्चारले म्हणजे न्यायालयाची तपासणी संपत नाही. गुप्तता कशासाठी आणि किती, याचे समर्थन शासनाने केले पाहिजे. हे तत्त्व परवान्याच्या बाबतीत मान्य होत असेल तर जिवाच्या प्रश्नात ते का मान्य होऊ नये, हा विचार पुढील काळातील न्यायालयांना करावा लागेल.

इतर देशांतही हाच झगडा झालेला आहे. ऑस्ट्रेलियात आश्रयाचा व्हिसा नाकारणाऱ्या निर्णयांस न्यायालयात आव्हानच देता येऊ नये असे कलम कायद्यात घालण्यात आले. फेब्रुवारी 2003 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायपीठाने ते कलम रद्द केले नाही, पण त्याचा अर्थ असा लावला की, जो निर्णय नैसर्गिक न्याय डावलून, म्हणजे अधिकारच ओलांडून, घेतला गेला तो कायद्याच्या दृष्टीने निर्णयच नव्हे. मग त्यास संरक्षण कसले? कॅनडात 4 एप्रिल 1985 रोजी एक निवाडा झाला. त्यातील अर्जदार बहुतांशी भारतातून गेलेले शीख होते. त्यांचे दावे लेखी कागदांवरून, त्यांना समोर न बोलावता फेटाळले गेले होते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ज्या दाव्यात माणसाच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा की नाही हाच प्रश्न आहे, तेथे त्याचे तोंडी म्हणणे ऐकलेच पाहिजे. परदेशांतील आपली माणसे ज्या न्यायाची अपेक्षा करतात, तोच न्याय भारताच्या दाराशी आलेला माणूस मागत असतो.

या विवेचनावरून न्यायालयाकडून फार मोठ्या अपेक्षा करता येत नाहीत, असे कोणास वाटेल, आणि ते बरोबर आहे. न्यायालय कोणास घर देत नाही, जमीन देत नाही, विसरलेली भाषा परत देत नाही. मरीचझापीस ते पाणीही पोहोचवू शकले नाही. तरीही ज्या कचेरीस ठाऊक आहे की आपल्या नकाराची कधी तरी तपासणी होईल, ती कचेरी अर्ज वाचल्याशिवाय बाजूस ठेवताना कचरते. अर्जदारास बोलावते, त्याचे ऐकते, दोन ओळींचे का होईना पण कारण लिहिते. पुनर्विलोकनाचा खरा उपयोग न्यायालयात गेलेल्या थोड्यांपेक्षा, कधीच न जाणाऱ्या अनेकांना असा होत असतो.

यास्तव मागणी मोठी नाही. आश्रयाचे दावे कोणी आणि कसे तपासावेत हे सांगणारा कायदा असावा. नाकारताना कारण लिहावे. ते अर्जदारास कळणाऱ्या भाषेत द्यावे. आणि पुढे जाण्याची वाट त्याच कागदावर सांगावी. मानाच्या माळावर साठ वर्षांपूर्वी उतरलेल्यांची नातवंडे आज बस्तरात शेती करतात, पखांजूरच्या बाजारात दुकाने चालवितात, मतदान करतात. त्यांच्या आजोबांस कोणत्या तारखेने आत घेतले हे त्यांना सांगता येते. शेजारच्या ज्या कुटुंबास त्याच तारखेने बाहेर ठेवले, त्याचे पुढे काय झाले हे सांगणारा मात्र कोणी नाही. कारण त्या नकाराचे कारण कोठे लिहूनच ठेवलेले नाही.